नकाशात नसलेली रेषा: ‘कॉस्मिक स्ट्रिंग सापडली’ या फॉरवर्डबद्दल

विज्ञानाच्या ग्रुपांवर एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. सोबत दोन चित्रं असतात: निळ्या-नारिंगी ठिपक्यांचा अंडाकृती नकाशा आणि जांभळ्या धाग्यांचं जाळं. मजकूर थोड्याफार फरकानं असा: “शास्त्रज्ञांना अखेर कॉस्मिक स्ट्रिंग सापडली! विश्वाच्या पहिल्या प्रकाशाच्या नकाशात तिची रेषा स्पष्ट दिसते. तिनेच तो गूढ थंड डाग पाडला. तिच्यामागच्या आकाशगंगा जुळ्या दिसतात. साऱ्या आकाशगंगा याच धाग्यांत ओवल्या गेल्या आहेत. स्ट्रिंग थिअरी सिद्ध झाली, आणि पल्सारच्या निरीक्षणांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.”

यातला एकही दावा टिकत नाही. पण प्रत्येकाच्या मुळाशी काहीतरी खरं आहे, त्यामुळे ‘फेक आहे’ म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. एकेक घेऊ.

त्याआधी स्ट्रिंग म्हणजे काय ते. १९७६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या टॉम किबल यांनी (जन्म मद्रासचा, १९३२) एक युक्तिवाद मांडला. विश्व जन्मानंतर झपाट्यानं थंड होत गेलं, तेव्हा त्यात भरून असलेल्या क्षेत्रांची (फील्डची) अवस्थांतरं झाली असणार, पाण्याचा बर्फ होतो तशी. एकमेकांपासून लांबच्या भागांना एकमेकांची खबर असणं शक्य नव्हतं, प्रकाशालाही तिथवर पोचायला वेळ मिळालेला नव्हता. मग प्रत्येक भागानं आपापली नवी अवस्था निवडली. या निवडी जिथे जुळल्या नाहीत, तिथे जुन्या तप्त अवस्थेची बारीक रेघ अडकून राहिली. तीच कॉस्मिक स्ट्रिंग. तिला टोक नसतं: एकतर ती क्षितिजापार जाते, नाहीतर तिचं बंद वेटोळं असतं. जाडी प्रोटॉनच्या अब्जांशाहूनही कमी. ही यंत्रणा निव्वळ कागदावरची नाही. द्रवस्फटिकांत १९९१ मध्ये आणि द्रवरूप हेलियम-३ मध्ये १९९६ साली, अवस्थांतर होताना अशा रेघा अडकतात हे प्रयोगशाळेत पाहिलं गेलंय. विश्वात तसं झालं का, हा वेगळा प्रश्न, आणि आपला प्रश्न तोच आहे.

स्ट्रिंग किती जड, यावर सगळं ठरतं. त्यासाठी एकच आकडा वापरतात, त्याला जी-म्यू म्हणतात: गुरुत्वस्थिरांक गुणिले दर मीटरचं वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. एकक नाही, नुसता आकडा. तो ‘दहा लाखांत एक’ असेल तर एक मीटर स्ट्रिंगचं वस्तुमान एकावर एकवीस शून्यं इतके किलो होतं, आणि अख्खा चंद्र पन्नासेक मीटरमध्ये मावतो. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच लागणार आहे.

“नकाशात तिची रेषा स्पष्ट दिसते”

नकाशा खरा आहे. सीएमबी, म्हणजे विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा सुटलेला प्रकाश; आज त्याचं तापमान २.७२५ केल्विन. फॉरवर्डमधला अंडाकृती नकाशा बहुतेक वेळा प्लांक या युरोपीय उपग्रहाचा असतो. तो मे २००९ मध्ये उडाला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद करण्यात आला. नकाशातले रंग अर्थातच भरलेले आहेत. कुठे सरासरीपेक्षा जरा उबदार, कुठे जरा गार, आणि हा फरक केल्विनच्या दहा-हजारांश भागाच्या आसपास.

स्ट्रिंग या नकाशावर काय करील? ती चमकत नाही. सरळ स्ट्रिंग शेजारच्या वस्तूला खेचतही नाही. तिचं वस्तुमान आणि तिच्यातला ताण एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. ती करते ते इतकंच की आपल्याभोवतीच्या अवकाशातून एक बारीक फाक कापून घेते. कागदाच्या चकतीतून पाचर कापून दोन्ही कडा चिकटवल्या तर शंकू होतो. कागद कुठेच ताणलेला नसतो, पण शंकूच्या टोकाच्या दोन बाजूंनी काढलेल्या समांतर रेषा पुढे जाऊन एकमेकींना भेटतात. स्ट्रिंगभोवतीचं अवकाश असं असतं. आता ही स्ट्रिंग आडवी धावत असेल, आणि ती प्रकाशवेगाच्या जवळपास धावते, तर तिच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रकाशाच्या तापमानात फरक पडतो. ती जिथून गेली त्या बाजूचा प्रकाश किंचित तापलेला, पुढच्या बाजूचा किंचित गार. निक कायझर आणि आल्बर्ट स्टेबिन्स यांनी हे १९८४ साली दाखवलं.

थोडक्यात, नकाशात शोधायची ती रेघ नव्हे, पायरी. एका कडेपलीकडे तापमान एकदम चढतं किंवा उतरतं, बस. आणि पायरी केवढी? प्लांकच्या विदेनं, म्हणजे जमवलेल्या मोजमापांनी, अजून वाव ठेवलेली सर्वांत जड स्ट्रिंग धरली, तर फार तर दहाएक मायक्रोकेल्विन. सीएमबीचे नेहमीचे चढउतारच शंभर मायक्रोकेल्विनच्या घरातले. त्यात प्लांकची नजर पाच कलांपेक्षा बारीक पाहू शकत नाही (पौर्णिमेचा चंद्र तीस कलांचा), शिवाय उपकरणाचा गोंगाट. अशी पायरी मोबाइलच्या पडद्यावर बोटानं नकाशा मोठा करून दिसणं शक्य नाही. डोळ्यांना जी रेषा दिसते, तिच्याबद्दल खात्रीनं एवढंच म्हणता येतं की ती स्ट्रिंगची नाही.

डोळ्यांवर किती विसंबायचं याचं एक झकास उदाहरण सीएमबीवाल्यांनीच देऊन ठेवलंय. प्लांकच्या आधीच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या चमूनं सात वर्षांच्या विदेवर लिहिलेल्या एका निबंधात नकाशावरची दोन अक्षरं दाखवली: एस आणि एच. स्टीफन हॉकिंग यांची आद्याक्षरं, नीट एका ओळीत! नेमकी ही अक्षरं नेमक्या या जागी येण्याची शक्यता आधी मोजली असती तर नगण्य निघाली असती. पण आधी कुणी मोजलीच नव्हती. नकाशा पाहून मग त्यात काय दिसतं ते हेरायचं आणि नंतर ‘योगायोग कसा असेल?’ विचारायचं, यातला घोटाळा त्या चमूला दाखवून द्यायचा होता. फॉरवर्डकर्त्यानं नेमकं तेच केलंय.

खरा शोध कसा चालतो ते सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. एक वाट संख्याशास्त्राची: किती अंशांच्या अंतरावर किती चढउतार आहेत याचा आलेख काढायचा आणि त्यात स्ट्रिंगचा वाटा किती बसू शकतो ते पाहायचं. दुसरी वाट थेट कडा शोधण्याची. छायाचित्रांतल्या वस्तूंच्या कडा ओळखायला संगणकात जी कॅनी पद्धत वापरतात, तीच कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट ब्रँडेनबर्गर यांच्या गटानं सीएमबीच्या नमुना-नकाशांवर चालवून पाहिली. पुढे तिथेच न्यूरल नेटवर्कही वापरून पाहिली गेली. गोंगाट नसलेल्या कृत्रिम नकाशांत ही नेटवर्क फारच हलक्या स्ट्रिंगही ओळखतात. खऱ्यासारखा गोंगाट मिसळला की ती सगळी हुशारी ओसरते. अडचण पद्धतीत कमी आणि विदेत जास्त आहे.

पहिल्या वाटेनं प्लांकच्या चमूनं काढलेला आकडा असा: स्ट्रिंग असल्याच तर त्यांचा जी-म्यू साध्या प्रारूपात एक कोटीत दीड भागापेक्षा कमी, आणि दुसऱ्या एका प्रारूपात एक कोटीत सव्वातीन भागापेक्षा कमी. ९५ टक्के खात्रीची मर्यादा. नकाशातून स्ट्रिंगबद्दल मिळालेली सर्वांत पक्की माहिती ही आहे, आणि ती ‘सापडली’ असं म्हणत नाही.

“तिनेच थंड डाग पाडला”

थंड डाग खरा आहे. मृग नक्षत्राच्या पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, एरिडॅनस तारकासमूहात सुमारे दहा अंश रुंदीचा एक भाग अपेक्षेपेक्षा गार आहे, सरासरी सत्तरएक मायक्रोकेल्विननं. २००४ मध्ये डब्ल्यूमॅपच्या विदेत तो नजरेत आला आणि प्लांकलाही दिसला, म्हणजे उपकरणाची चूक नव्हे.

पण डाग गोल आहे! स्ट्रिंग पायरी पाडते, गोल खळगा नाही. फॉरवर्डमध्ये बहुधा २००७ च्या एका निबंधाची सरमिसळ झालेली असावी. मार्कोस क्रूझ, नील ट्युरॉक आणि सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात सुचवलं होतं की हा डाग अवस्थांतरात राहून गेलेल्या ‘टेक्श्चर’ नावाच्या दोषामुळे पडला असू शकेल. टेक्श्चर हा स्ट्रिंगचा चुलतभाऊ म्हणा, पण वेगळा प्राणी. तो रेघेसारखा अडकून राहत नाही, आकसतो आणि विरून जातो. त्यांनीही ‘सुसंगत आहे’ एवढंच म्हटलं होतं. २०१२ मध्ये एकट्या डागाऐवजी संपूर्ण आकाश घेऊन तपासणी झाली, तेव्हा टेक्श्चरला पाठबळ मिळालं नाही. त्या दिशेला आकाशगंगा विरळ असलेला प्रचंड पोकळ प्रदेश आहे हेही खरं, पण त्यानं डागाचा लहानसा भागच समजावून सांगता येतो. उरलेल्या भागासाठी सगळ्यात कंटाळवाणं उत्तरही शर्यतीत आहेच: इतक्या मोठ्या आकाशात एखादा डाग जरा जास्त गार निघायचाच.

“तिच्यामागच्या आकाशगंगा जुळ्या दिसतात”

हा दावा मला मनापासून आवडतो, कारण तो एकदा खरोखर तपासला गेलाय आणि तपासाची गोष्ट सुरस आहे.

अवकाशातून फाक कापली गेली असेल तर स्ट्रिंगमागच्या एकाच आकाशगंगेचा प्रकाश दोन्ही बाजूंनी आपल्यापर्यंत पोचेल आणि शेजारीशेजारी दोन प्रतिमा दिसतील. आकाशगंगांच्या नेहमीच्या गुरुत्वीय भिंगात प्रतिमा ताणलेल्या, कमानीसारख्या, एक ठळक तर दुसरी फिकट अशा असतात. स्ट्रिंगच्या भिंगात दोन्ही प्रतिमा तंतोतंत सारख्या आणि मुळीच न ताणलेल्या हव्यात. २००३ मध्ये मिखाइल साझिन आणि त्यांच्या रशियन-इटालियन सहकाऱ्यांनी नेपल्सच्या कापोदिमोंते वेधशाळेच्या सर्वेक्षणातून अशी जोडी पुढे आणली, सीएसएल-१. दोन लंबवर्तुळाकार आकाशगंगा, अंतर १.९ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), दोघींचं ताम्रसृतीचं, म्हणजे त्या किती दूर ते सांगणारं, माप ०.४६, वर्णपट जुळणारे, तेजाची वाटणीही जुळणारी. जमिनीवरच्या दुर्बिणीतून पाहता दोघींत फरक सांगता येत नव्हता. एवढं अंतर पडायचं तर स्ट्रिंगचा जी-म्यू किमान एक कोटीत चार भागांच्या आसपास हवा. त्या वेळी एवढ्या जड स्ट्रिंगला वाव होता, त्यामुळे अनेक जण हबकून गेले.

मग जानेवारी २००६ मध्ये हबल दुर्बीण त्या जोडीवर रोखली गेली. जमिनीवरून पुसट झालेले तपशील हबलच्या चित्रात उघडे पडले: दोघींचे बाह्य भाग वेगवेगळ्या आकाराचे, एकमेकींच्या ओढीनं जरा विस्कटलेले. म्हणजे खऱ्याखुऱ्या दोन आकाशगंगा, शेजारणी. हे जाहीर करणाऱ्यांत साझिन यांचाच गट होता. आपल्याच उमेदवारावर काट मारायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आज हबलचीही गरज पडली नसती. प्लांकची दीड भागाची मर्यादा घेतली तर स्ट्रिंगमुळे पडणारं अंतर फार तर ०.८ विकला निघतं. १.९ विकलांवरच्या जोडीचं पितळ सीएमबीच्या नकाशानंच उघडं पाडलं असतं. उलट दिशेनंही तपास चालतो: साझिन यांच्याच वर्तुळातून पुढे सीएमबीतल्या पायऱ्यांवरून सीएससी-१ नावाची एक जागा सुचवली गेली आणि २०१९ मध्ये तिथल्या आकाशगंगांच्या जोड्या तपासणारा निबंध आला. त्याच्या शीर्षकातसुद्धा ‘उमेदवार’ असंच लिहिलंय. स्वतंत्र गटाची पुष्टी मिळेपर्यंत तो उमेदवारच.

“साऱ्या आकाशगंगा याच धाग्यांत ओवल्या गेल्या”

जांभळं जाळं आधी निकालात काढू. ते चित्र संगणकात घडवलेल्या विश्वाचं असतं आणि त्यातले धागे म्हणजे कृष्णद्रव्य, वायू आणि आकाशगंगांचे पुंजके. एकेक धागा लाखो प्रकाशवर्षं जाड. प्रोटॉनहून बारीक स्ट्रिंगशी त्याचा संबंध नाही.

पण यामागची कल्पना एकेकाळी अगदी गंभीरपणे मांडली गेली होती, आणि तिचा अंत सीएमबीतच झाला. १९८०-८१ मध्ये याकोव झेल्डोविच आणि अलेक्झांडर विलेंकिन यांनी म्हटलं की धावत्या स्ट्रिंगनी द्रव्यात खळबळ माजवली आणि तिथेच आकाशगंगांची बीजं पडली. त्यासाठी जी-म्यू दहा लाखांत एक लागत होता. गंमत म्हणजे महाएकीकरणाच्या, म्हणजे निसर्गातली गुरुत्व सोडून इतर बलं मुळात एकच होती असं मानणाऱ्या, सिद्धांतांतून साधारण तेवढाच आकडा आपोआप येत होता. त्यात १९९२ साली कोबे उपग्रहानं सीएमबीतले चढउतार पहिल्यांदा मोजले ते एका लाखात एक, म्हणजे अशा स्ट्रिंगनी जेवढे पाडले असते साधारण तेवढेच! दुसऱ्या बाजूला इन्फ्लेशनचा, म्हणजे विश्व जन्मताच क्षणार्धात प्रचंड फुगलं असं सांगणारा, सिद्धांतही तेवढे चढउतार देऊ शकत होता. दोन पैलवान, बरोबरीची कुस्ती.

निकाल लागला तो चढउतारांच्या प्रमाणावर नव्हे, त्यांच्या लयीवर. आरंभीच्या तप्त द्रवात दाबाच्या लाटा उठत होत्या. इन्फ्लेशनमध्ये ढवळणं एकदाच, अगदी सुरुवातीला होतं. एका लांबीच्या सगळ्या लाटा एकाच क्षणी डोलू लागतात आणि प्रकाश सुटतो तेव्हाही एकाच ठेक्यात असतात. आलेखात त्याची ओळीनं शिखरं उमटतात. स्ट्रिंग मात्र सतत धावत आणि सतत ढवळत राहतात. कुठली लाट कधी सुरू झाली याला ताळतंत्र उरत नाही आणि शिखरं पुसली जाऊन एक पसरट उंचवटा शिल्लक राहतो. १९९७ मध्ये उए-ली पेन, उरोश सेल्याक आणि नील ट्युरॉक यांनी ही गणितं संगणकावर नीट करून दाखवली आणि स्ट्रिंगवाल्यांचा धीर सुटू लागला. ट्युरॉक तर स्वतः त्याच पंथातले.

मग १९९८ च्या डिसेंबर अखेरीस बूमरँग हा प्रयोग फुग्याला बांधून अंटार्क्टिकावर सोडण्यात आला. वाऱ्यांबरोबर खंडाला प्रदक्षिणा घालत त्यानं आकाशाचा एक तुकडा मोजला. एप्रिल २००० मध्ये निकाल आला: सुमारे एक अंशावर एक टोकदार शिखर. २००३ मध्ये डब्ल्यूमॅपनं दुसरं शिखरही पक्कं केलं आणि प्लांकनं तर शिखरांची रांगच दाखवली. आकाशगंगांची बीजं स्ट्रिंगनी पेरली नाहीत, एवढं यातून ठरलं. प्लांकच्या हिशोबात सीएमबीच्या चढउतारांत त्यांचा वाटा असला तर दीड ते तीन टक्क्यांच्या आत.

“स्ट्रिंग थिअरी सिद्ध झाली”

याला फार जागा देत नाही. स्ट्रिंग थिअरी म्हणजे मूलकण हे अतिसूक्ष्म धाग्यांची कंपनं आहेत असं मानणारा सिद्धांत. किबल यांचा युक्तिवाद क्षेत्रांच्या अवस्थांतरावर उभा आहे. त्यात स्ट्रिंग थिअरीचा एक शब्द नाही. नंतर, १९८५ मध्ये, एडवर्ड विटेन यांनी स्ट्रिंग थिअरीतल्या अतिसूक्ष्म स्ट्रिंग ताणून विश्वाएवढ्या होऊ शकतील का हे तपासलं आणि उत्तर जवळपास ‘नाही’ आलं. २००२ नंतर काही नव्या प्रारूपांत ते ‘कदाचित’ झालं, त्यांना कॉस्मिक सुपरस्ट्रिंग म्हणतात. तेव्हा उद्या एखादी कॉस्मिक स्ट्रिंग सापडली तरी ती कोणत्या कुळातली हे वेगळं सिद्ध करावं लागेल. आणि सापडली नाही म्हणून स्ट्रिंग थिअरी खोटी ठरत नाही. काही जण या टोकाचंही फॉरवर्ड करतात.

“पल्सारनी शिक्कामोर्तब केलं”

पल्सार म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ-स्पंद पाठवणारे, गरगर फिरणारे मृत ताऱ्यांचे गाभे. या दाव्यात आपलं नारायणगाव आहे. जवळच्या खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेकडून चालवल्या जाणाऱ्या. भारतीय पल्सार टायमिंग अॅरेच्या चमूनं जीएमआरटीनं केलेली पल्सारची निरीक्षणं युरोपीय गटाच्या निरीक्षणांशी जोडली. जून २०२३ अखेर हा संयुक्त गट, अमेरिकेचा नॅनोग्राव्ह आणि इतर देशांतले गट यांनी एकाच वेळी जाहीर केलं की पल्सारच्या टिकटिकीत अतिमंद गुरुत्वलहरींच्या (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या) गुंजारवाच्या खुणा दिसताहेत. नॅनोग्राव्हनं त्यासाठी पंधरा वर्षांत जमवलेल्या विदेतले ६७ पल्सार वापरले होते.

गुंजारव कशाचा? पहिला संशयित म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी महाकाय कृष्णविवरं. स्ट्रिंग हा पर्यायांच्या यादीतला एक. स्ट्रिंग एकमेकींना छेदून वेटोळी सोडतात, वेटोळी थरथरतात, गुरुत्वलहरी सोडत आटत जातात. अशा असंख्य वेटोळ्यांचा मिळून गुंजारव होऊ शकतो. पण किबल-पठडीतल्या साध्या स्ट्रिंगचा आलेख निरीक्षणांशी नीट जुळत नाही. सुपरस्ट्रिंगचा बरा जुळतो, तोही इतर पर्यायांइतकाच.

आता सुरुवातीचा आकडा परत काढा. पल्सारच्या विदेत जी स्ट्रिंग बसू शकते तिचा जी-म्यू दहा हजार कोटींत एक, किंवा त्याच्या आगेमागे. एवढी हलकी स्ट्रिंग सीएमबीत जी पायरी पाडील ती केल्विनच्या अब्जांशाहूनही लहान. प्लांकच काय, आज आखलेला कुठलाही सीएमबी प्रयोग ती पाहू शकणार नाही. उलट, प्लांकच्या नकाशात डोळ्यांना दिसण्याएवढी जड स्ट्रिंग असती तर तिच्या वेटोळ्यांनी पल्सारची टिकटिक इतकी बिघडवली असती की ते कधीच लक्षात आलं असतं. म्हणजे फॉरवर्डमधले पहिला आणि शेवटचा पुरावा एकाच स्ट्रिंगचे असू शकत नाहीत. एक खरा धरला की दुसरा गळतो.

सीएमबीतला शोध मात्र यामुळे थांबलेला नाही. गुरुत्वलहरींची मर्यादा वेटोळी किती मोठी होतात आणि ऊर्जा कशी सोडतात या गृहीतकांवर बरीच अवलंबून आहे. स्ट्रिंगची ऊर्जा गुरुत्वलहरींऐवजी कणांच्या रूपात निघून जात असेल तर पल्सारना काहीच कळणार नाही, पण सीएमबीतली पायरी तशीच राहील, कारण ती लांब स्ट्रिंगच्या निव्वळ असण्यानं पडते. म्हणून चिलीतल्या अटाकामा वाळवंटातून आणि दक्षिण ध्रुवावरून प्लांकपेक्षा बारीक नजरेनं घेतलेल्या नकाशांत अजूनही कडा शोधल्या जाताहेत. सीएमबीच्या ध्रुवीकरणातला, म्हणजे प्रकाशलहरींच्या डोलण्याच्या दिशेतला, पीळही तपासला जातोय, कारण धावत्या स्ट्रिंग तोही थोडा पाडतात.